नमुना आवाज

पडदा वर जातो तेव्हा समोर एक साधंसुधं स्वयंपाकघर. डावीकडे ओटा, त्यावर पालथी घातलेली पातेली. उजवीकडे बाथरूमकडे जाणारा अरुंद बोळ. डोक्यावर कुरकुरणारा पंखा. आणि मधोमध फरशीवर, पाठीखाली उशी घेऊन, एक म्हातारे गृहस्थ उताणे पडलेले. घाबरू नका, त्यांना काही झालेलं नाही. ते पडण्याची तालीम करत आहेत.

"बाबा, जरा कमी," आतल्या खोलीतून मुलीचा आवाज येतो. "तुम्ही पडला आहात. गाडी सुटल्याचं सांगत नाही आहात."

"अगं, मदत हवी असलेला माणूस ओरडेल की कुजबुजेल?"

"दोन्ही करेल. आधी ओरडेल, मग दमेल. आता दमलेला द्या."

म्हातारबांनी थोडा विचार केला आणि पाठीखालची उशी ओढून लांब भिरकावली. "उशीवर पडून आवाजात दुखणं येत नाही," असं स्वतःशीच म्हणाले. मग कसेबसे उठले, भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला, परत येऊन आडवे झाले. डोळे मिटले आणि खोल कुठूनतरी आवाज काढला: "पडलोय... उठता येत नाही... कोणीतरी या."

त्याबरोबर दार धाडकन उघडलं आणि शेजारच्या नर्सबाई ओल्या हातांनी आत धावत आल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण पाय अजून ड्युटीवरच असल्यासारखे पळत. फरशीवरच्या म्हाताऱ्यानं एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काही लाज?" नर्सबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "माझं दूध उतू गेलं तिकडे."

"नर्सबाई, तुम्ही धावत आलात म्हणजे जमलं म्हणायचं." मग मान आतल्या खोलीकडे वळवून, "काय साहेब, बरं आलं का? का पुन्हा म्हणू?"

साहेब म्हणजे मुलगी. कामाच्या वेळी ते तिला साहेबच म्हणायचे.

म्हातारबांना ओळखणारे सगळे त्यांना भोंगा म्हणत. अख्खी नोकरी त्यांनी बसस्थानकावर काचेच्या एका खोलीत काढली होती. समोर माकडशेपटीसारखा वाकलेला माइक, बाजूला गाड्यांचं वेळापत्रक आणि वर पंखा. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून प्रत्येक घोषणेआधी तो बंद करायचा, घोषणा झाली की चालू करायचा. त्यामुळे उन्हाळ्यात भोंगाकाका घामानं निथळत पण त्यांचा आवाज थंड पाण्यासारखा स्वच्छ येई. फलाट चुकलेल्या म्हाताऱ्या, हरवलेली पोरं, भांडून वेगवेगळ्या बाकांवर बसलेली नवराबायको, सगळ्यांना त्या आवाजाचा आधार होता. बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, "घरात तरी भोंगा बंद ठेवा." पण पंखा बंद करून नवरा काहीतरी बोलायला उभा राहिला की हातातलं काम ठेवून ऐकायचीही तीच.

पुढे बसस्थानकावर यंत्र आलं. भोंगाकाकांकडून सगळे आकडे, सगळे फलाट, सगळ्या दिलगिऱ्या एकेक करून म्हणून घेतल्या, त्या तुकड्यांची जोडाजोड यंत्राच्या हाती दिली आणि काकांना हार घालून घरी पाठवलं. नंतर कितीतरी दिवस ते संध्याकाळी बसस्थानकाच्या बाकावर जाऊन स्वतःलाच ऐकत बसायचे. एकदा शेजारी बसलेल्या बाईला म्हणाले, "हा मी." ती बाई पर्स सांभाळत दुसऱ्या बाकावर गेली. आणि एक दिवस त्या यंत्रातून कोण्या मुलीचा गोड, गुळगुळीत आवाज आला. काकांनी ते घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. फक्त बाकावर जायचं बंद केलं.

मुलीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. लक्षात येणं हाच तिचा धंदा होता. ती सॉफ्टवेअरच्या कंपनीत टेस्टर होती. बाकीचे बांधायचे आणि ही हलवून बघायची. कोणी छाती फुगवून "झालं" म्हणालं की ही चष्मा डोक्यावर सरकवून म्हणायची, "ठीक आहे. किंतु..." आणि त्या किंतुनंतर जे यायचं, त्यानं समोरच्याचा शनिवार-रविवार जायचा. ऑफिसात तिचं नाव किंतुताईच पडलं होतं. चिडवायला ठेवलेलं नाव हळूहळू मायेचं झालं, कारण तिच्या किंतुनं अनेकांची अब्रू वाचली होती.

त्या ऑफिसात एक रिवाज होता आणि तो किंतुताईनंच सुरू केला होता. दर पंधरवड्याला सकाळी सगळे कॅन्टीनमध्ये जमायचे. दाराशी एक टोपली ठेवलेली असायची. आत येताना आपापल्या फोनचा आवाज बंद करून ते तिच्यात टाकायचे. मग एकेकानं उठून आपण काय नवीन शिकलो ते सांगायचं: कुठलं नवं तंत्र आलंय, टेस्टिंग करताना काय निसटलं, डेटा कुठे सडका निघाला. कुठे काही फसलं असेल तर तेही उघड सांगायचं. फक्त कोणामुळे फसलं, ते नाव घ्यायचं नाही. पूर्वी एकदा एका नव्या पोरीला तिच्या चुकीवरून सगळ्यांदेखत झापलं होतं. ती जिन्यात बसून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. त्यानंतर किंतुताईनं हा नियम घातला. नाव नको, धडा हवा. या नियमाचा तिला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

या बैठकांत एक तरुण डेव्हलपर चमकला. बोलायला उभा राहिला की पेंगणारे सरसावून बसत. दुसऱ्याची चूकसुद्धा तो इतकी रंगवून सांगायचा की ती ज्याची असेल तोही हसायचा. ऑफिस त्याला व्यासपीठ म्हणायचं. त्याला या धंद्यात बोट धरून आणलं होतं किंतुताईनं. तिच्या घरी तो कितीदा जेवला होता, भोंगाकाकांच्या पाया पडला होता. तिला ताई म्हणायचा ते तोंडदेखलं नव्हतं.

मग ते काम आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात भिंतीवर एक लहानसा डबा बसवायचा. माणूस पडला, छातीत दुखलं, काही झालं तर नुसतं बोलायचं. डबा ऐकणार, समजून घेणार आणि मदतीची गाडी पाठवणार. फोन शोधायला नको, नंबर आठवायला नको. यंत्राला हे शिकवायला म्हाताऱ्या माणसांचे आवाज हवे होते. ऑफिसातली पोरं घसा खरवडून म्हाताऱ्यांची नक्कल करायची. ती ऐकून किंतुताई म्हणाली, "असे म्हातारे फक्त तुमच्या गॅदरिंगमध्ये असतात." आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आली.

काकांचे दिवस पालटले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ऑफिसात यायचे. आवाजाचं काम बघणारा एक अबोल माणूस होता, त्याला सगळे आवाजवालाच म्हणायचे. काचेची खोली, समोर माइक आणि बाहेर हेडफोन लावलेला आवाजवाला. काकांनी आत पाऊल टाकलं आणि आधी वर बघितलं. "पंखा बंद करता येईल का?" आवाजवाल्यानं पहिल्यांदाच मान वर करून कोणाकडे नीट पाहिलं.

काका कण्हले, धापा टाकल्या, जीभ जड करून बोलले, रागावून बोलले, लाजत लाजत मदत मागितली. प्रत्येक तुकडा संपला की तेच, "काय साहेब, बरं आलं का? का पुन्हा म्हणू?" हे शेपूट आवाजवाला दर वेळी कापून टाकायचा. एकदा किंतुताईला म्हणाला, "कापवत नाही, पण यंत्राला कशाला हवं?"

घरीही चाचण्या चालायच्या. पहिलाच डबा भोंगाकाकांच्या स्वयंपाकघरात बसवला होता. एकदा चाचणी चालू असताना डब्यानं खरीखुरी गाडी बोलावली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत जिना चढून आली, तर काका खुर्चीत बसून पेपर वाचताहेत. "काका, नाटकं करायची तर थिएटरात करा," त्यातला ड्रायव्हर म्हणाला. काकांनी त्यांना चहा पाजला, पण किंतुताईला झोंबलं. आपल्या खेळापायी खरी गाडी अडकता कामा नये. तिनं सांगितलं, चाचणीचा प्रत्येक आवाज आधी हातानं नोंदवायचा, म्हणजे डबा गाडी पाठवणार नाही. काम किचकट होतं पण पक्कं होतं.

व्यासपीठला किचकट कामाचा कंटाळा. त्यानं यंत्राला काकांचा आवाजच ओळखायला शिकवलं. हा आवाज ऐकू आला की समजायचं, चाचणी चाललीय. गाडी पाठवायची नाही. गोड आवाजात "चाचणी पूर्ण झाली, धन्यवाद" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

"बघा ताई, नोंदवायला नको, काही नको. काकांनी तोंड उघडलं की यंत्र ओळखतं."

"छान. किंतु डबे लोकांच्या घरी जायच्या आधी हे काढायचं."

"काढणार म्हणजे काय, काढणारच. फक्त संमेलनाचं भाषण होऊ दे. तिथे काकांना घेऊन डेमो करायचाय. स्टेजवर गाडी आली तर पंचाईत."

त्या संमेलनाला गावोगावचे डेव्हलपर आले होते. नवनवी तंत्रं, टेस्टिंग, डेटा यांत कोण काय शिकलं ते एकमेकांना सांगायला. स्टेजवर गादी टाकलेली. भोंगाकाका झोकांडी खाऊन असे पडले की पहिल्या रांगेतली एक बाई अर्धवट उभी राहिली. डब्यानं त्यांचं म्हणणं अचूक ओळखून पडद्यावर लिहून दाखवलं आणि खाली हिरव्या अक्षरांत: चाचणी पूर्ण झाली, धन्यवाद. टाळ्यांचा कडकडाट. काका उठले, माइक हातात घेतला आणि त्या जुन्या थंड आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावं. भोंगा सुखरूप आहे." सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. घरी परतताना काका गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंत्रानं या वेळी घरी नाही पाठवलं मला. बोलावून घेतलं." ती त्यांची शेवटची फार आनंदाची संध्याकाळ.

डबे घराघरांत जायची तारीख आली. किंतुताईनं व्यासपीठला विचारलं, "बाबांच्या आवाजाचं काढलंस?"

"काढलं, ताई."

एरवी कोणी "काढलं" म्हणालं तर ती मान डोलवायची आणि स्वतः जाऊन बघायची. आई "मीठ घातलंय" म्हणाली तरी बोट बुडवून बघणारी ती पोर. या वेळीही बघायचं म्हणजे काकांना पुन्हा फरशीवर आडवं करावं लागणार होतं आणि त्या आठवड्यात त्यांचा घसा बसला होता, अंगात कणकण होती. स्टेजवर पडताना त्यांच्या कमरेला थोडा मार लागला होता, तोही त्यांनी लपवून ठेवला होता. तिला दया आली. म्हणाली, राहू दे. या पोराच्या शब्दावर एकदा तरी विश्वास ठेवू. उभ्या नोकरीत तिनं फक्त या एका गोष्टीला किंतु लावला नाही.

आता तो दिवस. सकाळची वेळ. कॅन्टीनमध्ये बैठक भरलेली. टोपलीत फोन. व्यासपीठ उभा राहून सांगत होता की चाचणी म्हणजे अविश्वास नव्हे, प्रेमाचंच ते एक रूप. लोक हसत होते. किंतुताईही हसली.

तिकडे स्वयंपाकघरातून बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात भोंगाकाकांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडल्यासारखा आवाज झाला. त्यांनी डब्याला हाक मारली. उत्तम आवाज असलेल्या माणसानं, नीट शब्दांत, हवी ती सगळी माहिती देऊन हाक मारली.

भिंतीपलीकडे नर्सबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "झाली यांची तालीम सुरू." पहिल्या दिवशी धावल्या होत्या, दुसऱ्या दिवशी धावल्या होत्या, त्यानंतर महिनोन्‌महिने भिंतीतून येणाऱ्या त्या आवाजाची त्यांनाही सवय झाली होती. यंत्राला जे शिकवलं, तेच त्यांनाही शिकवलं गेलं होतं.

दुपारी वाचून झालेला पेपर परत द्यायला त्या आल्या आणि दारातूनच त्यांना दिसलं. किंतुताईला फोन केला तेव्हा कॅन्टीनमधली बैठक संपून जेवणं चालू झाली होती आणि टोपलीतला फोन उचलायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. एका पोरानं आणून दिला. "ताई, हा किती वेळ थरथरतोय."

इस्पितळात काका शुद्धीवर आले नाहीत. आतल्या आत बराच रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर या वयातही उभं केलं असतं. दोन रात्री काढून तिसऱ्या सकाळी ते गेले. नर्सबाई बाकावर बसून एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मला वाटलं, तालीम." किंतुताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्यावर तिला रागावता आलं नाही, कारण नर्सबाईंनी ते तोंडानं कबूल तरी केलं होतं.

ऑफिसात त्याचीही बैठक झाली. नियमाप्रमाणे. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. एका चौकोनात लिहिलं: चाचणीची खूण खऱ्या यंत्रात राहून गेली. राहून गेली. कोणी ठेवली नाही, कोणी विसरलं नाही. छत्री राहून जाते तशी ती राहून गेली. मोठे साहेब हळव्या आवाजात म्हणाले की आपण सगळ्यांनी यातून शिकायला हवं. व्यासपीठ खाली मान घालून बसला होता. त्याचे डोळे लाल होते, ते सोंग नव्हतं. पण तो बोलला नाही. तो, ज्याला बोलण्यावाचून राहवत नसे.

बैठक संपल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"तू मला म्हणालास, काढलं."

"काढलं होतं ताई. डेमोच्या यंत्रातून. मला वाटलं, तिथून काढलं की सगळीकडून निघतं."

"मग एवढंच सांग आत येऊन. मला वाटलं आणि मी बघितलं नाही. माझंही नाव घे, मीही बघितलं नाही. मी सांगते माझं. तू तुझं सांग."

त्यानं कठड्यावर नख घासलं. "ताई, नाव घ्यायचं नाही. नियम तुमचाच आहे."

"दुसऱ्याचं घ्यायचं नाही म्हटलं होतं मी. स्वतःचं घ्यायला कोणी अडवलंय?"

"मी एकटा नव्हतो ना त्यात. ती पद्धतीची चूक होती."

"माझे वडील पद्धतीनं नाही गेले रे. ते फरशीवर गेले."

त्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. ती दोन पायऱ्या मागे सरकली.

त्या दिवसापासून किंतुताईला एकच गोष्ट हवी होती. नोकरीतून काढणं नको, भरपाई नको. त्या पोरानं चार माणसांसमोर "मी" म्हणावं. नर्सबाईंनी म्हटलं तसं. ती रोज कामावर यायची, जेवणाच्या सुटीत त्याच्या समोर बसायची, काही न बोलता जेवायची. तो जागा बदलायचा.

डब्यात त्या सकाळचा आवाज जसाच्या तसा उतरला होता. यंत्र गप्प झालं तरी काही वेळ त्याचा कान उघडा राहतो. आवाजवाल्यानं तिला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले आणि स्वतः बाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला. ती बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, "शेवटचं कापू का?" ती म्हणाली, "दर वेळी कापलंत. आता नको."

महिने गेले. व्यासपीठला पुन्हा संमेलनाचं बोलावणं आलं. विषय: चुकीतून आम्ही काय शिकलो. तो आवाज वापरायला परवानगी हवी म्हणून मोठे साहेब तिच्या टेबलाशी स्वतः आले. नाव कुठेही येणार नाही, म्हणाले. तिनं परवानगी दिली, एका अटीवर: लावायचं तर सगळं लावायचं. साहेब म्हणाले, "अर्थात." तिला वाटलं, तो आवाज संपूर्ण ऐकवल्यावर माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाला "मी" म्हटल्यावाचून राहवणार नाही. दगड असला तरी म्हणेल.

तेच सभागृह. गादी टाकली होती ती जागा आता रिकामी. किंतुताई मधल्या रांगेत, शेजारी नर्सबाई. सभागृहाच्या मागे, आवाजाच्या टेबलाशी, आवाजवाला.

व्यासपीठ सुंदर बोलला. हे मान्य करायलाच हवं. नव्या तंत्राच्या मोहाविषयी बोलला. चाचणीचा डेटा आणि खरा डेटा यांच्यामध्ये भिंत हवी, ती का हवी ते बोलला. "एका टेस्टरचे वृद्ध वडील," तो म्हणाला आणि योग्य जागी थांबला. मग अंधार झाला आणि तो आवाज आला.

"पडलोय मी. बोळात. उजवा पाय हलत नाही. शुद्धीवर आहे. दार नुसतं लोटलेलं आहे. कोणीतरी या."

आणि त्या मागोमाग, मधाळ स्वरात: "चाचणी पूर्ण झाली, धन्यवाद."

दिवे लागले. आवाज तिथेच थांबवला होता. मग कोणीतरी हळूच टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळे उभे राहिले. व्यासपीठनं मान लववली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत धडा लिहून आला. लोकांनी त्याचे फोटो काढले.

प्रश्नांसाठी माइक फिरू लागला. तो किंतुताईच्या हातात आला तेव्हा व्यासपीठचा चेहरा पांढरा पडला.

"ती खूण कोणी ठेवली होती?" तिनं विचारलं. आवाज साधा, ऑफिसात विचारावा तसा.

त्यानं पाण्याचा घोट घेतला. "आपण सगळ्यांनीच, ताई. म्हणूनच आपण इथे नावं घेत नाही. आपण शिकतो." पुन्हा टाळ्या पडल्या. काही लोक तिच्याकडे कौतुकानंही बघत होते.

तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "बरं. अर्धंच लावलंस. पुढचं लाव."

"वेळ संपत आलाय ताई, आणि पुढे तसं काही..."

"ठरलं होतं."

तो मोठ्या साहेबांकडे बघू लागला. साहेब घड्याळाकडे बघू लागले. निवेदिका पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला उठली. नर्सबाई खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या. किंतुताई उभीच होती.

आणि मागच्या टेबलाशी आवाजवाल्यानं कोणालाही न विचारता बटण दाबलं.

आधी बराच वेळ नुसती घरघर आली. कुरकुरणारा पंखा. त्या पंख्याखाली एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास. दाराशी निघालेले लोक थांबले. लांबून कुठूनतरी भांड्यात वाटाणे पडल्याचा आवाज आला आणि नर्सबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज, हात टेकून सरकायचा प्रयत्न, आणि तो फसल्याचा. पुन्हा तेच वाक्य, तितकंच नीट: पडलोय मी, बोळात. पुन्हा यंत्राचा मधाळ धन्यवाद. मग काहीच नाही. नुसता पंखा. आणि मग भोंगाकाका, घोषणेचा आवाज बाजूला ठेवून, घरातल्या आवाजात, भिंतीकडे नव्हे तर आतल्या खोलीकडे तोंड करून बोलावं तसं म्हणाले:

"पंखा चालू राहिलाय, म्हणून बरं येत नाही का गं पोरी? मला पोचता येत नाही बटणापर्यंत. थांब, पुन्हा म्हणतो."